चहानंतरची पहिली नळी

"बंद करून परत चालू केलंत का, मॅडम?"

हा प्रश्न तिसऱ्यांदा आला तेव्हा ठिणगीनं रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे असं रोखून पाहिलं, जणू पलीकडचा माणूस त्या बारीक भोकांमधून चिमट्यानं उपसून काढता आला असता.

"बंद केलं. चालू केलं. वायर काढली, वायर घातली, फुंकर मारली, पुसलं. आता फक्त दृष्ट काढायची राहिलीय. काढू?"

"चिडू नका मॅडम. तुमचा तीन नंबरचा कॉम्प्युटर आम्ही इथून जोडून घेतला आणि दोनशे वेळा तपासला. दोनशेच्या दोनशे निकाल बरोबर आले. आमच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये काहीही दोष नाही."

"मग तो म्हातारा सुतार अतिदक्षता विभागात काय हवापालटाला गेला होता?"

"त्याबद्दल मनापासून वाईट वाटतं मॅडम. पण ती माणसाची चूक असावी. मग मी ही तक्रार बंद करू का?"

"करा ना. बंद करा आणि परत चालू करा. बघा काही फरक पडतो का," असं म्हणून तिनं रिसीव्हर आपटला.

कंपनीच्या या माणसाला तिनं नाव ठेवलं होतं 'मधाचं बोट'. आवाज इतका गोड, की ऐकणाऱ्याला वाटावं आपलं काम झालंच. आणि फोन ठेवल्यावर हाताला काय लागायचं, तर नुसता चिकटपणा.

तिचं स्वतःचं 'ठिणगी' हे नावही ठेवलेलंच. बावीस वर्षांपूर्वी रुग्णालयात कामाला लागली त्या पहिल्याच आठवड्यात तिनं एका जुन्या प्रिंटरमध्ये हात घातला, जाळ झाला, अख्ख्या मजल्याचे दिवे गेले आणि ही मात्र अंधारात ओरडली, "पहिल्यांदा कुणी जोडला होता हा? त्याला आणा माझ्यासमोर!" तेव्हापासून ती ठिणगी. तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून तिची खोली. भिंतीपलीकडे दिवसभर धुण्याची यंत्रं घरघरायची, अलीकडे ही. वरच्या सगळ्या मजल्यांवरचे कॉम्प्युटर आजारी पडले की हिच्याकडे यायचे, आणि मेले तरी हिच्याकडेच यायचे. मेलेल्यांना ही भंगारात जाऊ द्यायची नाही. एकाचा पंखा काढ, दुसऱ्याला लाव. एकाचं काळीज दुसऱ्याच्या छातीत. रजिस्टरमध्ये मात्र प्रत्येक वेळी दोनच शब्द लिहायची, 'किरकोळ दुरुस्ती'. भंगारातला भाग परत वापरायचा नाही असा नियम होता. पण नवा भाग मागितला तर तीन सह्या आणि चार महिने लागायचे, आणि रुग्णाला रक्त आज तपासून हवं असतं. शिवाय, खरं सांगायचं तर, मेलेलं यंत्र उठवून बसवलं की तिला मिशा नसतानाही मिशीवर ताव द्यावासा वाटायचा.

तर झालं होतं असं. तीन आठवड्यांपूर्वी कंपनीनं सगळ्या कॉम्प्युटरांवर एक मोठं अपडेट धाडलं. त्यानंतर गेल्या शनिवारी लॅबमधून एका निवृत्त सुताराचा रक्ताचा अहवाल वर गेला. त्यात पोटॅशियम फारच कमी, दोन पूर्णांक सहा. डॉक्टरांनी नियमाप्रमाणे शिरेतून पोटॅशियम चढवलं. सुताराचं पोटॅशियम मुळात कमी नव्हतंच, थोडं जास्तच होतं. त्याचं हृदय अडखळलं. नशीब, की परिचारिकेचं लक्ष होतं. म्हातारा वाचला, पण तीन दिवस नळ्या लावून पडला.

आणि तो दोन पूर्णांक सहा हा आकडा होता त्याच्या आधीच्या बाईचा.

तीन नंबरच्या टेबलावर त्या दिवशी जी बसली होती, ती लॅबमधली सर्वात जुनी. तिला ताबडतोब घरी बसवलं गेलं. शुक्रवारी चौकशी. दोष सिद्ध झाला तर नोकरी जाणार आणि तपासणीचं प्रमाणपत्रही; म्हणजे पुन्हा कुठल्याच लॅबमध्ये नळीला हात लावायचा नाही.

ती ठिणगीची नणंद होती.

आता कुणाला वाटेल, म्हणूनच ही एवढी पेटली. छे! नणंदेचं आणि हिचं कधी पटलंच नव्हतं. नणंद नवऱ्याची मोठी बहीण, लग्न केलेलं नाही, राहायला वरच्या मजल्यावर. तिथून ती खाली यायची ती चुका काढायला. तिला प्रत्येक आकडा दोनदा वाचायची खोड होती, आणि तीही मोठ्यानं. दुधाच्या पिशवीवरची तारीख, बसचा नंबर, विजेचं बिल, सगळं दोनदा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिनं ठिणगीनं केलेल्या पोळ्या दोनदा मोजल्या होत्या. हे ठिणगी अजून विसरली नव्हती.

पण नेमकं त्यामुळेच तिचं डोकं फिरलं होतं. जी बाई पोळ्या दोनदा मोजते, ती नळ्या अदलाबदल करते?

* * *

मंगळवारी संध्याकाळी घरी पोचली तर नणंद खाली तिच्याच स्वयंपाकघरात पातेली घासत होती. घासलेलीच पातेली. पुढच्या खोलीत नवरा शिलाई मशीनवर मान खाली घालून बसला होता. तो शिंपी. बहीण आणि बायको एका खोलीत असल्या की त्याला नेमकं काहीतरी तातडीचं शिवायचं असायचं.

"ताई, पुरे. तळ जाईल त्यांचा."

"जाऊ दे. तुझ्या डब्यांनी माझं तोंड काळं केलं, मी निदान पातेली तरी पांढरी करते."

"माझ्या डब्यांनी?"

"मग कुणाच्या? बावीस वर्षं तूच त्यांची आई ना?"

पुढच्या खोलीतलं शिलाई मशीन जोरात धावायला लागलं.

"बसा इथे," ठिणगी म्हणाली. "काय झालं ते मला पहिल्यापासून सांगा. भांडू नंतर."

नणंद बसली. हात ओले, तसेच मांडीवर. "नळीवरची पट्टी वाचणारं यंत्र असतं, त्याच्यासमोर मी नळी धरते. कॉम्प्युटर त्या माणसाचं नाव उघडतो. मग नळी तपासणीच्या यंत्रात ठेवते. यंत्र आकडे काढतं आणि वायरीतून कॉम्प्युटरला पाठवतं. पहिले जे आकडे येतील ते तो त्या नावापुढे लिहितो आणि नाव मिटतो. बस. मी त्या बाईची नळी लावली, मग सुताराची. साहेब म्हणतात, तू बाईचीच नळी दोनदा लावलीस. पुरावा काय, तर दोन्ही अहवाल हुबेहूब एक."

"हुबेहूब म्हणजे?"

"म्हणजे बारा आकडे, बाराच्या बारा तेच. शेवटच्या दशांशापर्यंत तेच."

ठिणगी काही बोलणार तेवढ्यात नणंदेनंच टेबलावर थाप मारली.

"आणि तिथेच तर गोम आहे गं! मी त्या साहेबाला ओरडून सांगितलं, अहो, एकच नळी खरोखर दोनदा लावली तरी शेवटचा आकडा हलतो! एकशे एकेचाळीसचे एकशे बेचाळीस होतात. रक्त आहे ते, छापखाना नाही! बाराच्या बारा आकडे कधीच जुळत नाहीत. तर म्हणतो कसा, ताई, आता वय झालं, विश्रांती घ्या."

शिलाई मशीन थांबलं. नवरा दारात येऊन उभा राहिला. "वय झालं म्हणाला?"

"म्हणाला."

"त्याचे सूट मी शिवतो," नवरा शांतपणे म्हणाला. "कंबर दर वर्षी दोन इंच वाढते. त्याला सांग वय कुणाचं होतंय ते."

आणि तो परत जाऊन बसला. त्याच्या मानानं हे भाषणच झालं.

ठिणगीच्या डोक्यात मात्र एकच वाक्य घुमत राहिलं. रक्त आहे ते, छापखाना नाही. म्हणजे यंत्रानं आकडे दोनदा काढलेच नव्हते. एकदा काढले आणि कुणीतरी दोनदा पोचवले.

* * *

बुधवारी सकाळी तिनं तीन नंबरच्या टेबलावरची सीलची पट्टी काढली. तिच्यावर सही हिचीच होती. लॅबमध्ये दोन बाटल्या असतात, यंत्रांची परीक्षा घ्यायला. एकीतल्या द्रवाचं पोटॅशियम मुद्दाम कमी, दुसरीचं मुद्दाम जास्त, दोन्हींचे आकडे आधीपासून ठाऊक. ती एक नळी कमीची लावायची, एक जास्तीची. कमी, जास्त, कमी, जास्त. शेजारच्या पाच नंबरच्या टेबलावरची मुलगी, जिला सगळे 'पाचवी' म्हणायचे, तिच्याकडे तिरक्या नजरेनं बघत होती.

एक्क्याण्णव नळ्या झाल्या. एक्क्याण्णवही बरोबर.

"झोपलायस काय रे?" ती कॉम्प्युटरवर खेकसली. "आता का शहाण्यासारखा वागतोस? माणूस मारायला निघाला होतास ना? मार की! मी बसलेय समोर!"

"काकू," पाचवी म्हणाली, "अकरा वाजले. चला."

लॅबचा एक कडक नियम होता: खाणंपिणं लॅबमध्ये नाही. त्यातून एक रीत पडली होती, की अकराला सगळ्यांनी एकदम उठायचं, जिन्यापलीकडच्या खोलीत जाऊन चहा घ्यायचा आणि वीस मिनिटांनी एकदम परत यायचं. जेवायला पाळीपाळीनं, म्हणजे टेबलं चालूच राहायची, पण चहाला एकत्र. मागे कुणी राहिलं तर त्याच्याबद्दल बोलता येतं हे खरं, पण तो गैरसोयीचा फायदा; मुख्य म्हणजे दिवसातला तोच काय तो मोकळा वेळ. ठिणगीही गेली. चहा न फुंकताच प्यायली, जीभ भाजली, त्याचाही राग आला.

परत आली. जास्तीची नळी पट्टी वाचणाऱ्या यंत्रासमोर धरली, मशीनमध्ये ठेवली आणि कंटाळून पडद्याकडे पाहिलं.

पोटॅशियम दोन पूर्णांक सहा.

ती उभी राहिली. खुर्ची मागे पडली. तपासणीच्या यंत्राला स्वतःची एक छोटी काच असते, निकाल तिथे पाच-सहा सेकंद दिसतो आणि पुसला जातो. एरवी तिकडे कुणी बघत नाही. तिनं बघितलं. तिथे सहा पूर्णांक आठ.

यंत्र खरं बोलत होतं. कॉम्प्युटर शिळं बोलत होता.

पुढची नळी लावली, बरोबर. त्याच्या पुढची, बरोबर. मग ती स्टुलावर बसली आणि कुणालाही तीन नंबरला हात लावू दिला नाही. दहा मिनिटांनी पडदा काळा झाला. कॉम्प्युटर झोपला. तिनं नळी लावून त्याला उठवलं. पुन्हा चूक. पहिलीच नळी, फक्त पहिली.

"अस्सं!" ती म्हणाली. "झोपेतून उठतोस आणि पिशवीतलं जुनंच पत्र पुन्हा टाकतोस होय रे! खरं पत्र मागाहून येतं तेव्हा घराचं दार लागलेलं असतं!"

मधाच्या बोटानं दोनशे वेळा तपासलं, पण लांबून जोडून घेऊन, सलग. त्यानं कॉम्प्युटरला डोळाच मिटू दिला नव्हता. आणि तीन आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण चहाआधीचा माणूस आणि चहानंतरचा माणूस बहुधा दोघंही धडधाकट असतात. एकाचे आकडे दुसऱ्याला दिले तरी बेमालूम खपतात. शनिवारी चहाआधी उलट्यांनी बेजार झालेली बाई आली आणि चहानंतर सुतार आला, एवढंच.

"पण मग माझा का नाही चुकत?" पाचवीनं विचारलं. "माझाही झोपत असेल की."

ठिणगीनं पाच नंबरकडे पाहिलं. वीस मिनिटं कुणी नव्हतं, तरी त्याचा पडदा लख्ख जागा. तिनं टेबलावर तळहात ठेवला. टेबल बारीक थरथरत होतं. त्याच टेबलावर नळ्या गरगर फिरवणारं यंत्र होतं, आणि त्याच्या थरथरीनं माऊस तांदळाच्या दाण्याएवढा इकडून तिकडे सरकत होता. बिचाऱ्याला झोप लागणार कशी? पाळण्यात बसवून सतत चिमटा काढल्यासारखं.

तिनं ते गरगरणारं यंत्र बंद केलं आणि दहा मिनिटं थांबली. पाचवाही झोपला. उठला. चुकला. बाकीचे सहा कॉम्प्युटर तिनं एकेक करून झोपवले, उठवले. एकही चुकला नाही.

तीन आणि पाच. हे दोनच का?

ती दोन्ही डबे तळघरात घेऊन आली, स्क्रू काढले, झाकण उचललं. आणि आत पाहिल्यावर तिचा राग, जो चार दिवस सगळ्या जगाच्या अंगावर धावून जात होता, तो गर्रकन वळून तिच्यावरच आला.

दोघांच्याही आत एक हिरवं कार्ड होतं. तपासणीच्या यंत्राची जुनी वायर जोडायला लागणारी खाच या दोन कॉम्प्युटरांना मुळात नव्हतीच; बाकी सहांना होती. सहा वर्षांपूर्वी नणंदच तळघरात येऊन ओरडली होती, "मला बुधवारपर्यंत दोन टेबलं चालू पाहिजेत, तू काय वाटेल ते कर!" आणि हिनं काय वाटेल ते केलं होतं. भंगारातल्या दोन मेलेल्या कॉम्प्युटरांमधली ही कार्डं काढून यांच्यात बसवली होती. सहा वर्षं ती तक्रार न करता चालली. नव्या अपडेटनं वीज वाचवायला म्हणून कॉम्प्युटरबरोबर कार्डालाही झोपायला लावलं आणि झोपताना त्याचा खिसा रिकामा करायला मात्र विसरलं. चूक अपडेटची, शंभर टक्के.

पण अपडेट धाडण्याआधी कंपनीनं रुग्णालयाकडून यादी मागवली होती: कुठल्या कॉम्प्युटरमध्ये काय काय आहे. यादी रजिस्टरवरून झाली. तिनं कपाटातून सहा वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं. तीन नंबर: किरकोळ दुरुस्ती. पाच नंबर: किरकोळ दुरुस्ती. यादीत आठही कॉम्प्युटर सारखे, एकाच आईची लेकरं असल्यासारखे. कार्डाचा उल्लेख जगात कुठेच नव्हता. तिच्या डोक्याबाहेर तर नव्हताच, आणि डोक्यातूनही कधीच पुसला गेला होता.

"गाढव," ती स्वतःला म्हणाली. भिंतीपलीकडची धुण्याची यंत्रं घरघरत राहिली.

* * *

गुरुवारी अधीक्षकांनी तिला वर बोलावलं. सूट खरंच कमरेत आवळत होता.

"ठिणगीबाई, बसा. ऐकलं, तुम्ही लॅबमध्ये बराच खटाटोप चालवलाय."

"दोष सापडलाय साहेब. ताईंची चूक नाही."

"असेल, नसेल." त्यांनी पेन सरळ ठेवलं. "माझ्याकडे सोपा मार्ग आहे. ताईंनी लिहून द्यावं की नजरचुकीनं झालं. आपण लेखी समज देऊ, त्यांना नावनोंदणीच्या खिडकीवर बसवू. नोकरी शाबूत. सुताराचे घरचेही शांत होतील."

"आणि नळ्या?"

"नळ्या दुसरं कुणी बघेल."

"साहेब, त्यांनी काही केलंच नाही!"

"बाई," अधीक्षक खुर्चीत पुढे झुकले, "चौकशी यंत्रापर्यंत गेली, की यंत्राच्या आत जाईल. आत काय काय निघेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तुमच्या खोलीत आजवर कुणी डोकावलेलं नाही. उगाच कशाला?"

म्हणजे याला सगळं ठाऊक होतं! बावीस वर्षं तीन सह्या आणि चार महिने यांनीच लावले, भंगारातून चाललेलं काम यांनीच डोळ्यांवर कातडं ओढून चालू दिलं, आणि आता त्याच भंगाराची भीती तिलाच दाखवत होते.

"उद्याची चौकशी या खोलीत नको," ती उठत म्हणाली. "लॅबमध्ये घ्या. तीन नंबरच्या टेबलाशी. नाहीतर मी सुताराच्या मुलालाच तिथे घेऊन जाते आणि दाखवते."

* * *

शुक्रवारी सकाळी लॅबमध्ये चार खुर्च्या मांडल्या होत्या. अधीक्षक, एक ज्येष्ठ डॉक्टर, कार्यालयप्रमुख बाई आणि चौथ्या खुर्चीवर ठेवलेला फोन. त्यात मधाचं बोट. नणंद इस्त्रीचा पांढरा कोट घालून टेबलाशी उभी. तिनं आठ दिवसांत पहिल्यांदा तो घातला होता.

ठिणगीनं परत जागेवर बसवलेल्या तीन नंबरवर कमीच्या बाटलीतली नळी लावली. पडद्यावर दोन पूर्णांक सहा आले, सगळ्यांना दाखवले. मग म्हणाली, "आता बारा मिनिटं काही करायचं नाही."

"म्हणजे?" अधीक्षक.

"म्हणजे काही नाही. बसायचं."

"बारा मिनिटं?"

"सुतार तीन दिवस पडून होता साहेब. तुम्हाला बारा मिनिटं जड जातायत?"

सगळे बसले. मोठ्या माणसांना नुसतं बसवणं म्हणजे मांजरांना रांगेत उभं करणं. तिसऱ्या मिनिटाला डॉक्टरांनी पाय हलवायला सुरुवात केली. त्यांचा बूट टेबलाला लागत होता. "पाय!" ठिणगी म्हणाली. डॉक्टरांनी पाय आत घेतला. पाचव्या मिनिटाला अधीक्षकांचा हात आपोआप माऊसकडे गेला.

"हात मागे!"

त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. सातव्या मिनिटाला फोन बोलला. "मॅडम, वेळ वाया जातोय. तोवर मी इथून जोडून घेतो आणि..."

"जोडशील तर बघ!" ती फोनवर एवढ्यानं ओरडली, की कार्यालयप्रमुख बाईंच्या मांडीवरची फाईल खाली पडली. "त्याला झोपू दे! एकदा तरी झोपू दे! तुम्ही जागं ठेवता आणि म्हणता दोष नाही!"

दहाव्या मिनिटाला पडदा काळा झाला. बाराव्या मिनिटाला ठिणगीनं नणंदेला मान हलवून खूण केली. नणंदेनं जास्तीची नळी उचलली, पट्टी वाचून घेतली, यंत्रात ठेवली. डॉक्टर उठून जवळ आले. यंत्राच्या छोट्या काचेवर आलं, सहा पूर्णांक आठ. पडद्यावर आलं, दोन पूर्णांक सहा. आणि खाली बाकीचे अकरा आकडे, मघाचेच, शेवटच्या दशांशापर्यंत.

डॉक्टर बराच वेळ आळीपाळीनं दोन्हीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अरे देवा."

"हे फक्त कार्ड बसवलेल्या कॉम्प्युटरांत होतं," ठिणगी म्हणाली. "तीन आणि पाच."

फोनमधला मध लगेच वाहायला लागला. "पाहिलंत! अशी रचना आमच्या यादीत नाहीच मॅडम. तुम्ही पाठवलेल्या यादीत आठही कॉम्प्युटर सारखे आहेत. यादीबाहेरचं कार्ड असेल तर कंपनी जबाबदार नाही. ते कुणी बसवलं?"

अधीक्षक खिडकीबाहेर बघत होते.

"मी," ठिणगी म्हणाली. "भंगारातून काढून. सहा वर्षांपूर्वी. रजिस्टरमध्ये लिहिलं नाही, ती चूक माझी. पण सहा वर्षं ते बरोबर आकडे देत होतं, आणि तुमच्या अपडेटनं त्याला खोटं बोलायला लावलं. मी कार्ड दोन शब्दांमागे लपवलं, तुम्ही न तपासता 'दोष नाही' म्हणालात. माझं मी लिहून देते. तुमचं तुम्ही द्या."

नणंदेनं सावकाश मान वळवून तिच्याकडे पाहिलं. अशी नजर ठिणगीनं लग्नाच्या वीस वर्षांत पाहिली नव्हती. आरडाओरडा परवडला असता.

अधीक्षकांनी घसा साफ केला. ताईंवरचा ठपका काढला जात आहे. ताई आजच कामावर रुजू. तीन आणि पाच बंद. ठिणगीबाईंवर वेगळी कारवाई होईल, तोवर भंगाराच्या खोलीची किल्ली जमा करावी. "तर मंडळी, विषय संपला."

"संपला कसा?" नणंद म्हणाली.

"ताई, तुम्ही सुटलात."

"मी सुटले हो! अपडेट आल्यापासून शनिवारपर्यंत अठरा कामाचे दिवस. रात्री कॉम्प्युटर पूर्ण बंद करतो, त्याला झोप लागते ती फक्त चहाच्या वेळी. रोज अकराला आम्ही चहाला गेलो. रोज परत येऊन मी तीन नंबरवर एक पहिली नळी लावली. अठरावा तो सुतार." तिनं कोटाच्या खिशातून पेन काढलं. "आधीचे सतरा कुठायत?"

"ते... बरेच असतील," अधीक्षक म्हणाले. "काही झालं असतं तर आले असते. आता उगाच फोन करून घबराट..."

"सतरा माणसं दुसऱ्याचं रक्त छातीशी धरून फिरतायत आणि तुम्ही म्हणता घबराट!" नणंदेचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "कुणाचं औषध बंद केलं असेल. कुणाला सांगितलं असेल, काही झालेलं नाही, जा घरी. मी त्या अहवालांवर सही केलीय. माझी सही आहे!"

डॉक्टरांनी अधीक्षकांकडे पाहिलं, मग नणंदेकडे. "यादी काढा," ते म्हणाले. "मी इथेच थांबतो."

अर्ध्या तासात सतरा नावं निघाली. नणंद लॅबच्या फोनशी बसली, ठिणगी शेजारी स्टुलावर. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

"सहा वर्षं," नणंद नंबर फिरवता फिरवता, दातांतल्या दातांत म्हणाली. "सहा वर्षं त्या टेबलावर बसवलंस मला, आणि एका शब्दानं बोलली नाहीस."

"तुम्हाला बुधवारपर्यंत हवं होतं."

"मला बुधवारपर्यंत हवं होतं, भंगार हवं नव्हतं!"

"काय वाटेल ते कर म्हणालात!"

"आणि तू केलंस! निर्लज्जासारखं के... हॅलो? नमस्कार, रुग्णालयाच्या लॅबमधून बोलतेय. तुमच्या वडिलांचं रक्त परत तपासायला लागेल. आजच या. हो, आजच. नाही, पुढच्या आठवड्यात नाही."

पहिले चौघं बरे निघाले, येतो म्हणाले. यादीतलं पाचवं नाव एका बाईचं, तिला साखर नाही असं सांगून गोळ्या थांबवल्या होत्या. ती आठ दिवस अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी तिच्यासाठी तिथूनच गाडी पाठवली. सहाव्या नंबरवर एका तरुण माणसानं फोन उचलला. त्याच्या बायकोला दिवस गेले होते आणि चुकीच्या अहवालामुळे त्या दोघांनी दोन आठवडे काय काय सोसलं होतं, ते तो ओरडून ओरडून सांगायला लागला. आवाज इतका मोठा, की स्टुलावर बसलेल्या ठिणगीलाही शब्द न् शब्द ऐकू येत होता. कोण मूर्ख बसवलेत तुम्ही तिथे? कुणाच्या जिवाशी खेळता? नाव सांगा!

नणंद ऐकत राहिली. तो दम घ्यायला थांबला तेव्हा म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. अहवालावर सही माझी आहे. यंत्राचं काय झालं ते मात्र जिनं केलं तीच तुम्हाला सांगेल."

आणि तिनं रिसीव्हर ठिणगीपुढे धरला.

ठिणगीनं तो घेतला. पलीकडे माणूस अजून धापा टाकत होता. बावीस वर्षांत फोनवर ती कित्येकांवर ओरडली होती. आज पहिल्यांदा तिला आवाज शोधावा लागला.

"ऐका," ती म्हणाली. "तुमच्या बायकोच्या अहवालाचा कॉम्प्युटर मी दुरुस्त केला होता. त्यात मी एक जुनं कार्ड बसवलं आणि तसं कुठेही लिहून ठेवलं नाही. काय झालं ते सगळं सांगते. आधी तुम्हाला जे बोलायचं राहिलंय ते बोलून घ्या."

तो बोलायला लागला. नणंदेनं यादीतल्या सातव्या नावाखाली बोट ठेवलं आणि वाट बघत बसली.